जामीनदार

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला जात विचारली नाही, गाव विचारलं नाही. एकटी बाई राहणार म्हटल्यावर भुवयाही उंचावल्या नाहीत. दोऱ्यानं बांधलेला चष्मा नाकावर सारखा करून त्यांनी एवढंच विचारलं, "बाई, तुम्ही संध्याकाळी दिवा किती वेळ लावता?"

मला वाटलं, विजेच्या बिलाची काळजी आहे. म्हटलं, "शाळेच्या वह्या तपासायच्या असतात. जेवणवेळेपर्यंत तरी लागतो. पण बिल मीच देईन."

"मग राहा," ते म्हणाले. "सामान केव्हा आणता?"

असं का विचारलं, ते राहायला गेल्यावर कळलं. त्या घरात वीज फक्त पुढच्या, भाड्यानं द्यायच्या खोलीत होती. मागच्या दोन खोल्यांत घरमालक, त्यांची बायको आणि मुलगी कुसुम अशी तिघं राहत. मधल्या दारावर बिनकाचेची झडप होती. माझा दिवा लागला की त्या झडपेतून उजेडाचा एक तुकडा पलीकडं पडायचा आणि तिघंही सरकून त्या तुकड्यात येऊन बसायची. काकू ज्वारी निवडायच्या, कुसुम लोकांचे ब्लाऊज शिवायची, आणि ते स्वतः न्हाव्याच्या दुकानातून आणलेला आदल्या दिवशीचा पेपर वाचायचे. माझ्या वह्या लवकर संपल्या तरी मी दिवा मालवत नसे. यावर आमच्यात कधी एक शब्दही झाला नाही.

त्यांना घरात नाना म्हणत, मीही तेच म्हणू लागले. नाव लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं.

मी फुलंब्रीकडची, शेतकऱ्याच्या घरातली. पोलीस ॲक्शन होऊन बारा-तेरा वर्षं झाली असतील तेव्हा औरंगाबादला मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागले. गुलमंडीच्या मागं एका बोळात हे घर होतं. नाना कोर्टाच्या दफ्तरखान्यात होते. निजामाच्या अमलातले उर्दू कागद वाचायचे आणि त्यांचं मराठी करून द्यायचं, हे त्यांचं काम. त्यामुळं बोलणंही तसंच. "बाई, मामला असा आहे" असं म्हटल्याशिवाय त्यांचं वाक्य सुरू होत नसे. नळाला पाणी नाही एवढं सांगायचं असलं तरी आधी मामला.

बोळातले लोक त्यांना जामीनदार म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागं. त्याची हकिकत मला काकूंनी भाकरी थापता थापता सांगितली.

नानांचा एक दोस्त होता. सगळे त्याला मिर्झा म्हणत. दोघं उर्दू शाळेत एका बाकावर बसलेले. मिर्झाचे हिमरूचे माग होते, शाली आणि शेरवानीचं कापड विणायचा. धंदा वाढवायचा म्हणून त्यानं बोळातून आणि जुन्या बाजारातून कर्ज उचललं. गवळ्याकडून, दोन विणकरांकडून, एका कापडवाल्या शेटजींकडून. कागद नाही, पत्र नाही. लोकांनी दिलं ते नानांनी मधे शब्द टाकला म्हणून. मग पोलीस ॲक्शन झाली. त्या दिवसांत कोण कशाला घाबरलं हे आज विचारण्यात अर्थ नाही. मिर्झा बायकोपोरांना घेऊन मुंबईला म्हणून गेला आणि तिथून बोटीनं कराचीला. जाताना नानांनाही सांगितलं नाही.

"लोक दारात आले," काकू म्हणाल्या. "भांडायला नव्हते हो आले. नुसतं विचारायला. तर ह्यांनी ओट्यावर उभं राहून सांगून टाकलं, मी देईन. मला घरात येऊन विचारलं तरी का? मी पिठाच्या हातानं दारामागं उभी. तिथंच ऐकलं."

"कायद्यानं द्यावंच लागत होतं का?"

"कायदा ह्यांच्याच दफ्तरात पडलेला. वकील सांगायचे, तुमच्यावर काही येत नाही म्हणून. तर हे म्हणाले, 'कायदा कागदाला लागतो. मी जबान दिली होती.'"

त्या दिवसापासून घर आवळलं गेलं. चहा बंद झाला तो बंदच. चुलीतला विस्तव राखेखाली झाकून ठेवायचा, म्हणजे काडी लागत नाही. आठवड्याच्या बाजाराला नाना उन्हं कलल्यावर जायचे. तेव्हा भाजीवाल्या उरलंसुरलं गोळा करत असायच्या. अंबाडी, चिघळ, माठ, जे मिळेल ते यायचं. येसराच्या, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या पिठाच्या, पातळ आमटीत भाकरी कुस्करली की जेवण झालं. नानांच्या छत्रीवर ठिगळांवर ठिगळं होती. ती ते फक्त आभाळ आलं की उघडायचे. उन्हानं कापड विरतं आणि पावसानं कुजतं, हे त्यांचं तर्कशास्त्र.

"मग छत्री कशाला?" मी एकदा विचारलं.

"इज्जतीसाठी, बाई. कोर्टात जातो मी."

ह्या सगळ्याचं मला हसू यायचं, कौतुकही वाटायचं. पण एका गोष्टीची भीती वाटायची. ती माणसं कुणाकडं जात नसत. नानांचा नियम होता की ज्याच्या डोक्यावर बोजा आहे त्यानं कुणाचं मीठ खाऊ नये आणि कुणाला खाऊ घालू नये. लग्नाला गेलं तर आहेर करावा लागतो, बारशाला गेलं तर टोपरं न्यावं लागतं, म्हणून जायचंच नाही. संक्रांतीला बोळभर बायका नटूनथटून हळदीकुंकवाला फिरत. काकू तेवढी संध्याकाळ मागचं दार लावून बसायच्या. पहिल्या वर्षी बायका बोलवायला आल्या, दुसऱ्या वर्षीही आल्या. मग त्या ह्या दारावरून सरळ पुढं जाऊ लागल्या. मी राहायला गेले तोवर, ह्या घरात माणसं राहतात हे बोळ जवळजवळ विसरून गेला होता.

नियमाला अपवाद एकच. रमजान ईदला नाना धुतलेला सदरा घालून जुन्या बाजारात मिर्झाच्या थोरल्या बहिणीकडं जात. आपा म्हणत तिला. विधवा होती, कराचीला गेली नव्हती. टोप्यांवर कशिदा काढून पोट भरायची. तिच्या हातचा शीरखुर्मा नाना वाटीभर खायचे. तिथं मीठ आणि बोजा आठवत नसे. एकदा कुसुमच्या ब्लाऊजची गिऱ्हाईक त्याच गल्लीत होती म्हणून आम्ही दोघी त्यांच्याबरोबर गेलो. आपानं नानांना विचारलं, "भाई, खत लिखूँ तो तुम्हारी तरफ से क्या लिखूँ?"

नाना म्हणाले, "नेहमीचंच. सलाम लिही. बाकी काही लिहू नकोस. फिटलं की मी स्वतः लिहीन."

मिर्झाबद्दल वाईट शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. बोळातले लोक "तुमचा पाकिस्तानी" म्हणून टोमणा मारायचे, तेव्हाही नाना फक्त छत्री सारखी करायचे आणि चालू लागायचे.

मी राहायला गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी कुसुमला स्थळ आलं. मुलगा करमाडला ग्रामसेवक. शांत, थोडा तोतरा, पण डोळे चांगले होते. हुंडा नको म्हणाले. फक्त लग्न जरा बरं लावून द्या, दोन्हीकडची माणसं नीट जेवू द्या. कुसुम तेव्हा चोविशीची असेल. त्या आठवड्यात तिनं शिवणयंत्रावर गाणं गुणगुणलेलं मी झडपेतून ऐकलं. त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

गाठीला पैसे होते. पण ते शेटजींच्या मोठ्या हप्त्यासाठी साठवलेले. शेटजींचं देणं सगळ्यांत मोठं आणि शेवटचं. काकूंनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "शेटजीला काय कमी आहे? वर्षभर थांबायला सांगा. पोरगी थांबायची नाही."

आणि नवल म्हणजे शेटजी स्वतः आले. माझ्या खोलीतून त्यांचं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं. ओट्यावर बसले आणि म्हणाले, "जामीन... आपलं, नानासाहेब, पहिले पोरीचे हात पिवळे करा. मला कुठं घाई हाय?"

"तुम्हाला घाई नाही, शेटजी. मला आहे."

"अहो पण, मी माफच केले समजा की."

"माफ केलेलं कर्ज फिटत नाही. ते तसंच राहतं. नुसतं बोलायचं बंद होतं."

दारामागं काकू उभ्या होत्या, त्यांच्यामागं कुसुम. नाना आत गेले, पुडकं घेऊन आले आणि शेटजींच्या हातावर ठेवलं. शेटजी बराच वेळ ते हातात धरून बसले. मग उठले.

करमाडचे लोक दोन महिने थांबले. मग त्या मुलाचं चिकलठाण्याला जमल्याचं कळलं.

कुसुम रडली नाही. तिनं नानांशी बोलणं बंद केलं, इतकंच. पाणी द्यायची, सदरा धुवायची, ताट वाढायची. पण शब्द नाही. आणि ह्यात मी सापडले. नाना मधल्या दाराशी येऊन म्हणायचे, "बाई, मामला असा आहे, माझा चष्मा सापडत नाही. कुसुमला जरा विचारता का?" कुसुम त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसलेली असायची. ती यंत्रावरून मान न उचलता म्हणायची, "ताई, त्यांना सांगा, कोनाड्यात आहे." मी सांगायचे, "नाना, कोनाड्यात आहे." नाना म्हणायचे, "शुक्रिया." सुरुवातीला मला हे हास्यास्पद वाटायचं. पुढं पुढं त्या "शुक्रिया"चा आवाज ऐकवेनासा झाला.

असं दीड-दोन वर्षं चाललं. मग एका संध्याकाळी नाना दफ्तरातून आले ते हातात इमरतीचा पुडा घेऊन. पुडा त्यांनी काकूंसमोर ठेवला आणि उभेच राहिले. तेलकट कागद बघून काकू घाबरल्या. "कुणी दिलं?"

"मी आणलं. आज शेटजींचं संपलं. सगळंच संपलं." मग जरा थांबून, "आता आपण लोकांना जेवायला बोलवू."

त्यांनी स्वतः घरोघर जाऊन आमंत्रणं दिली. पंधरा वर्षांत ज्यांच्या उंबऱ्यावर पाऊल टाकलं नव्हतं तिथं जाऊन हात जोडले. काकूंनी पुरण घातलं. मी आणि कुसुम पहाटेपासून वाटत बसलो होतो. ओट्यावर, अंगणात पत्रावळी मांडल्या. नाना दारात उभे होते, इस्त्रीचा सदरा घालून.

बारा वाजले, एक वाजला. कुणाच्या घरून पोरगा येऊन सांगून गेला की आज घरात उपास आहे. कुणी गावाला गेल्याचा निरोप धाडला. शेटजींच्या दिवाणजीनं नारळ आणून दिला आणि उभ्याउभ्या गेला. कुणाच्या मनात आकस नव्हता. पण जेवायला बसायचं तर काहीतरी बोलावं लागतं, आणि ह्या घराशी बोलायला कुणाजवळ काही उरलंच नव्हतं. म्हातारा गवळी तेवढा आला, एक विणकर आला. उन्हं कलायला लागल्यावर बुरखा सावरत आपा आली.

"बसा," काकू म्हणाल्या. आणि मग हळूच, मला ऐकू येईल इतपत, "आपण कुणाच्या पंगतीला गेलो होतो, म्हणून लोक येतील?"

रिकाम्या पत्रावळींच्या मधे आम्ही चार-पाच माणसं बसलो. नानांनी आपाच्या पानात स्वतः तूप वाढलं. म्हणाले, "आपा, आता पत्ता दे. आज मी लिहिणार. त्याला लिहितो, ये म्हणून. निदान एकदा येऊन जा. आता कुणी काही म्हणणार नाही."

आपाचा हात पानातच राहिला. ती म्हणाली, "भाई, किसकू लिखते? उनो तो दो बरस पहलेच गुजर गए."

विणकरानं घास खाली ठेवला. नाना तिच्याकडं बघत राहिले.

"मेरेकू खत आया था. मैं तुमकू बोली नहीं. बोलती तो तुम अकेले पड़ जाते." आपानं बुरख्याचं टोक डोळ्यांना लावलं. "कर्जदार की रूह अटकी रहती, भाई. दो बरस से अटकी थी. आज तुम छुड़ा दिए."

कुणाकडंही न बघता नाना म्हणाले, "म्हणजे त्याला कळलंच नाही."

काकूंनी पदर तोंडाला लावला. वरणाचं पातेलं घेऊन कुसुम दारात थांबली होती. ती पुढं आली, नानांच्या पानापाशी वाकली आणि म्हणाली, "नाना, जेवा. गार होतंय."

नानांनी माझ्याकडं पाहिलं. सवयीनं. मी काहीच बोलले नाही. मग त्यांनी मान वर करून कुसुमकडं पाहिलं आणि म्हणाले, "वाढ."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खाम नदीवर गेले आणि डोकं भादरून आले. कुसुम बरोबर होती. हातात ओलं धोतर, डोक्यावर ऊन. बोळात शिरताच लोक ओट्यांवरून उठले. आदल्या दिवशी ज्यांना उपास होता आणि जे गावाला गेले होते, ते सगळे तासाभरात आमच्या दारात.

"कोण गेलं, नाना?"

"भाऊ."

"तुम्हाला भाऊ कुठं होता?"

"होता. कराचीला."

काही जण तसेच माघारी वळले. एकानं रस्त्यावर थुंकल्याचंही मी पाहिलं. पण बरेच लोक बसले. सुतकाच्या घरी बसायची रीत सगळ्यांना ठाऊक असते, तिथं बोलायला काही लागत नाही. दुपारी गवळ्याची सून पिठलं-भाकरी घेऊन आली. "चूल पेटवू नका," म्हणाली. संध्याकाळी समोरच्या घरातून वरणभात आला. नाना निमूट जेवले. काकू जेवल्या. जुन्या बाजारातून आपा रोज यायची आणि काकूंशेजारी बसायची. दोघी काय बोलत कोण जाणे. दहा दिवस त्या घरात माणसांची ये-जा होती. अकराव्या दिवशी नानांनी सदरा घातला, छत्री घेतली आणि दफ्तरात गेले. त्यानंतर पुन्हा कुणी आलं नाही.

माझी जालन्याला बदली झाली, लग्न झालं. कुसुमनं नर्सिंगचं शिक्षण घेतलं आणि तिला नांदेडला नोकरी लागली. काकू बहुतेक तिच्याजवळच असत. तिथं शेजार चांगला आहे, बायका बोलावतात, असं त्यांचं पोस्टकार्ड यायचं. नाना मात्र पेन्शनीत निघाल्यावरही त्याच घरात राहिले. आपाही एव्हाना गेली होती.

बऱ्याच वर्षांनी परीक्षेच्या कामासाठी औरंगाबादला गेले तेव्हा दुपारी त्यांच्याकडं डोकावले. मागच्या खोलीत वीज आली होती. भर दुपारी दिवा चालू होता. मला बघून त्यांची इतकी धांदल उडाली की आधी चष्मा सापडेना, मग खुर्ची. "थांबा, चहा करतो," म्हणाले. मी उठायला लागले तर रागावले. स्टोव्ह पेटवून त्यांनी स्वतः चहा केला. साखरेचा पाक होता नुसता.

"गोड झाला का? मामला असा आहे बाई, सवय नव्हती ना. किती घालायची कळत नाही."

"छान झालाय."

मग ते दाराकडं बघत बसले. बोळात उन्हाशिवाय काही नव्हतं.

"देणं होतं तेव्हा पगार झाला की माणसं यायची," ते म्हणाले. "तो गवळी यायचा, ते विणकर यायचे. शेटजी तर तासभर बसायचे. पैसे घ्यायलाच यायचे, पण बसायचे. पोराबाळांचं विचारायचे, पाऊसपाण्याचं बोलायचे. फिटलं आणि कुणी येईना." ते थोडं हसले. "ह्याचा हिशेब काही मी धरला नव्हता."

माझी जालन्याची गाडी पाचची होती. स्टँडपर्यंत पायी जायचं होतं, आणि साडेचार होऊन गेले होते.

मी कप पुढं केला. "नाना," मी म्हटलं, "अजून एक टाका."